कुलाब्याचें स्टेशन

(ज्युबिलीच्या समारंभांत पॅरिशच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. देवळाचा इतिहास सांगण्यास आमच्याहून जाणती मंडळी येथें बसली आहे. सणांची, संतांची व पूर्वीच्या धर्मगुरूंची हकीकत इतर वक्ते सांगतीलच. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, आपल्या लोकांच्या पोटापाण्याशीं ज्या वाटेचा निकट संबंध आला, त्या वाटेविषयीं बोलावें. ती वाट म्हणजे विरारहून मुंबईस जाणारी आगगाडी. या गाडीनें आपले आजे-पणजे कामावर गेले, भाजी आणि दूध घेऊन बाजारांत गेले, लग्नाचें सामान आणावयास गेले. त्या वाटेच्या अगदीं शेवटीं, समुद्राच्या कांठीं, एक स्टेशन होतें. तें आज नाहीं. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहों.

चर्चगेटला गाडी थांबली कीं आपण सगळे उतरतों. रूळ तेथें संपतात व पुढें माणसांची गर्दी सुरू होते. आपणांस वाटतें कीं, हा मार्ग आरंभापासून येथेंच संपत आला असेल. तसें नव्हतें. १९३० सालच्या अखेरपर्यंत हे रूळ चर्चगेट ओलांडून समुद्राच्या कडेकडेनें आणखी मैलाहून थोडे अधिक जात आणि कुलाब्यास संपत. एका अंगास बॅक बेचें पाणी, दुसऱ्या अंगास कुलाब्याची वस्ती, व मध्यें तें स्टेशन. आज त्या जागीं बधवार पार्क नांवाची रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. तिच्यावरून जाणाऱ्या माणसाला येथें एके काळीं उत्तर हिंदुस्थानच्या मेलगाड्या उभ्या राहात, अशी शंकाहि येत नाहीं.

हें स्टेशन तेथें कां झालें हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबई हीं मूळचीं सात बेटें. कुलाबा हें त्यांतलें दक्षिणेकडचें शेवटचें. कोळ्यांची तेथें जुनी वस्ती. १८३८ सालीं कुलाब्याचा बांध पुरा झाला आणि तें बेट मुंबईस जोडलें गेलें. त्यापूर्वीं भरतीच्या वेळीं तेथें जावयास होडीच लागे. रस्ता झाल्यावर सहा वर्षांनीं, १८४४ सालीं, मुंबईचा कापसाचा बाजार किल्ल्यांतून हलवून कुलाब्यास नेण्यांत आला. मोकळ्या जागेंत गासड्यांचे डोंगर उभे राहूं लागले. त्या जागेस कॉटन ग्रीन म्हणत. गुजराथ व वऱ्हाडचा कापूस येथें यावा, येथें त्याचा सौदा व्हावा, आणि येथून तो जहाजांत भरून विलायतेस जावा, असा तो व्यवहार होता.

हा गुजराथचा कापूस मुंबईस आणणें हें ज्या रेल्वेचें मुख्य काम होतें ती बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. आपले वाडवडील तिला बी. बी. सी. आय. म्हणत. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली, ती दुसऱ्या कंपनीची, म्हणजे जी. आय. पी.ची. बी. बी. सी. आय. १८५५ सालीं स्थापन झाली आणि तिनें कामास आरंभ मुंबईकडून न करतां गुजराथेंतून केला. १८६० सालीं अंकलेश्वर व सुरतेजवळचें उत्राण यांच्यामध्यें तिची पहिली गाडी धांवली. तेथून रूळ दक्षिणेकडे येत येत, वसईच्या खाडीवर पूल बांधून, १८६४ सालच्या नोव्हेंबरांत मुंबईंत ग्रँट रोडला पोंचले. म्हणजे आपल्या गांवांत आगगाडी आली ती मुंबईकडून आली नाहीं. गुजराथेकडून मुंबईकडे जातां जातां वाटेंत आपणांस भेटली.

परंतु कापूस ग्रँट रोडला येऊन भागत नव्हतें. बाजार कुलाब्यास होता. मध्यें किनाऱ्यालगत जागा अरुंद आणि एका बाजूस समुद्र. याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व तिकडचा कापूस विलायतेस जाणें थांबलें. मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. मुंबईंत पैशाचा पाऊस पडला. पैसा आला कीं त्याला ठेवावयास जागा हवी. बॅंका निघाल्या, कंपन्या निघाल्या, आणि त्यांत बॅक बेचा समुद्र भरून काढून जमीन करण्यासाठीं एक मोठी कंपनी निघाली. रेल्वेला कुलाब्यापर्यंत जागा करून देणें हा तिच्या उद्देशांपैकीं एक होता. तिच्या शेअरांची किंमत पाहतां पाहतां कित्येक पट झाली. प्रेमचंद रायचंद यांचें नांव त्या वेळीं घरोघर झालें. समुद्रांत दगड पडण्यापूर्वींच त्या न झालेल्या जमिनीची विक्री सुरू होती.

१८६५ सालच्या वसंतांत अमेरिकेचें युद्ध संपलें. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस उजाडला आणि मुंबईंत दिवाळखोरीची लाट आली. लक्षाधीश लोक एका रात्रींत निर्धन झाले, विधवांच्या ठेवी बुडाल्या, बॅंकांना कुलुपें लागलीं. बॅक बेची कंपनीहि बुडाली. परंतु तिनें किनाऱ्यालगत जो थोडाबहुत भराव केला होता तो राहिला, आणि त्या भरावाच्या पट्टीवरून रेल्वेला पुढें जावयास वाट मिळाली. मंडळीहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या भूमीवर कुलाब्याचे रूळ पडले ती भूमि लोभानें समुद्रापासून घेतली होती, आणि ज्यांनीं घेतली त्यांच्या हातीं ती लागली नाहीं.

आतां आपल्या लोकांकडे येऊं. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅक बेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. जाण्यास एक व येण्यास एक. सकाळीं पावणेसातला विरार सोडी आणि संध्याकाळीं साडेपांचला बॅक बेहून परत निघे. त्या वेळच्या स्टेशनांचीं नांवें आज ऐकलीं तर गंमत वाटते. वसईस बेसिन म्हणत, अंधेरीस अंदारू, वांद्र्यास बांदोरा. वसईच्या दोन खाड्यांच्या मध्यें पांजू नांवाचें बेट आहे, तेथेंहि एक स्टेशन होतें. आज तेथें गाडी थांबत नाहीं. आज मिनिटामिनिटाला गाड्या धांवणाऱ्या या मार्गाचा आरंभ एवढ्या एका गाडीनें झाला.

ही एक गाडी आपल्या लोकांस काय झाली हें आपणांस सहज कळणार नाहीं. त्यापूर्वीं वसई-साष्टीच्या माणसाला मुंबई म्हणजे बैलगाडी, होडी, भरती-ओहोटी आणि मुक्काम. गाडी आल्यावर सकाळचें दूध, भाजी, फुलें त्याच दिवशीं मुंबईच्या बाजारांत जाऊं लागलीं. शिकलेला मुलगा गांवीं राहून कचेरींत नोकरी करूं लागला. रविवारची मिस्सा आपल्या देवळांत, आणि सोमवारीं मुंबईंत काम, ही जी आपल्या आयुष्याची रीत आपण जन्मापासून पाहतों ती या गाडीनें पाडली आहे. गाडी नसती तर आपली गांवें एकतर ओस पडलीं असतीं, नाहींतर जगापासून दूर राहिलीं असतीं. गांवहि राहावें आणि मुंबईहि मिळावी, हें या रुळांमुळें साधलें.

१८७० सालीं चर्चगेटचें स्टेशन झालें, आणि १८७३ सालीं रूळ कुलाब्यास पोंचले. पहिली इमारत तात्पुरती होती. परंतु स्टेशनाभोंवतीं थोड्याच दिवसांत सगळें जग गोळा झालें. १८७४ सालच्या मे महिन्यांत मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या मार्गांपैकीं एक कुलाब्याहून पायधुणीपर्यंत होता. १८७५ सालीं ससून डॉक बांधून झाला. जवळच लष्कराची छावणी. तेथें नेमलेले गोरे शिपाई आणि त्यांचें सामान. बाजारांत उतरणाऱ्या गासड्या. गासड्या उचलणारे हमाल. त्यांच्याच अंगानें मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या कोळणी. असें तें स्टेशन होतें. त्याच्या दाराशीं सगळ्या जातींची व सगळ्या थरांची माणसें एकमेकांना ओलांडून जात.

आणि त्या प्रवासाची शोभा काय वर्णावी! आज चर्नी रोडपासून चर्चगेटपर्यंत गाडींत बसलेल्या माणसाला समुद्राचें दर्शन इमारतींच्या फटींतून झालें तर होतें. त्या काळीं मरीन ड्राइव्ह नव्हता. रुळांच्या पश्चिमेस समुद्रच होता. चर्नी रोड सोडला कीं उजव्या हाताच्या खिडक्यांतून मलबार टेंकडीपासून कुलाब्याच्या टोंकापर्यंत सगळा उपसागर दिसे, आणि तो शेवटपर्यंत सोबत करी. पावसाळ्यांत लाटांचा आवाज गाडीच्या आवाजांत मिसळे. सकाळच्या गाडीनें कामावर जाणाऱ्या कारकुनाला दिवसांतून दोन वेळां एवढें मोठें पाणी पाहावयास मिळत होतें, आणि त्याचे तिकिटांत वेगळे पैसे लागत नव्हते.

याच काळांत आपल्या समाजांतहि एक गोष्ट घडली. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव झाला. मुंबई, साष्टी व वसईकडील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं त्या वर्षीं आपलें नांव ईस्ट इंडियन असें ठेवलें व त्या नांवाची संस्था काढली. गोव्याहून मुंबईस आलेल्या आपल्या धर्मबंधूंहून आपली ओळख निराळी राहावी व नोकऱ्यांत आपला हक्क बुडूं नये, असा त्यांत हेतु होता. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे यांत आपल्या पुष्कळ लोकांचें पोट होतें. एका ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या वाडवडिलांनीं स्वतःस नांव घेतलें; या ज्युबिलीच्या वर्षीं त्यांची आठवण आपण करावी हें योग्यच आहे.

१८९६ सालीं कुलाब्यास कायमचें दगडी स्टेशन उघडण्यांत आलें. बांधणाऱ्यांनीं तें शतकानुशतकांसाठीं बांधलें असें म्हणावयास हरकत नाहीं. दगडी इमारत कोणी तीस-पस्तीस वर्षांसाठीं बांधीत नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मांडवीच्या वस्तींत ताप व गांठी यांनीं माणसें मरूं लागलीं. हा गांठीचा ताप म्हणजे प्लेग आहे, हें ज्यांनीं प्रथम ओळखलें ते डॉक्टर आकासियु व्हिएगस आपल्याच धर्माचे, गोव्याचे रहिवासी. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यांचें म्हणणें आधीं कित्येकांना खोटें वाटलें. मग मुंबई पळूं लागली. थोड्याच महिन्यांत लाखों लोकांनीं शहर सोडलें. जी गाडी माणसांना पोट भरावयास मुंबईस नेत होती तीच त्यांना जीव वांचविण्यासाठीं मुंबईबाहेर घेऊन चालली. आणि गाडीबरोबर रोगहि गांवांत आला.

त्या संकटांत आपल्या गांवठाणांनीं काय केलें याची साक्ष अजून रस्त्यांत उभी आहे. वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांतून जावें. नाक्यानाक्यावर क्रूस दिसतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर प्लेगच्या वर्षांचे आंकडे कोरलेले आहेत. प्रार्थनेला देवळांत गर्दी करणें धोक्याचें होतें, म्हणून लोक उघड्यावर क्रुसापुढें जमले आणि गुडघे टेंकून जपमाळ म्हणाले. ते क्रूस बांधणारे कोणी इंजिनिअर नव्हते. चार घरांनीं वर्गणी काढली, गवंड्यानें दगड घडविला, आणि बायकांनीं संध्याकाळीं मेणबत्ती लावली. त्या क्रुसांचें व कुलाब्याच्या नव्या स्टेशनाचें वय जवळजवळ सारखेंच. दोहोंचें पुढें काय झालें तें आतां सांगतों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं कुलाबा भरभराटीस आला. प्लेगनंतर १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला; त्यानेंहि समुद्र हटवून कफ परेडची वस्ती वसविली. १९०५ सालीं वुडहाउस रोडवर होली नेमचें देवळ पुरें झालें. १९४१ सालीं तेंच मुंबईच्या आर्चबिशपांचें मुख्य देऊळ झालें. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. धूर गेला, वेग वाढला. त्याच वर्षीं १ सप्टेंबरला फ्रंटिअर मेल ही प्रसिद्ध गाडी कुलाब्याहून पेशावरकडे निघाली. हिमालयाच्या पलीकडच्या वाटांपर्यंत जाणारा माणूस या समुद्रकांठच्या फलाटावर पाय ठेवून गाडींत चढे.

स्टेशनाचें वैभव असें शिगेस पोंचलें असतांच त्याचें मरण लिहून झालें होतें.

१९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत बॅक बे पुन्हां भरावयाचें ठरलें. या वेळीं कंपनी नव्हे, सरकारच पुढें आलें. १,१४५ एकर समुद्र भरून जमीन करावयाची, त्या जमिनीचे आठ भाग पाडावयाचे, आणि ती विकून खर्च भरून काढावयाचा, असा बेत होता. समुद्रांत दगडी भिंत घालून, बंदरांतला गाळ मोठ्या यंत्रानें शोषून नळांवाटें भिंतीच्या आंत सोडावयाचा. परंतु भिंतींतून गाळ निसटून परत समुद्रांत जाऊं लागला. यंत्राचें काम अंदाजाच्या मागें पडलें. खर्च वाढत गेला. बॅरिस्टर-वकिलांच्या मुंबईंत एक तरुण वकील, खुर्शेद फ्रामजी नरीमन, या कारभाराविरुद्ध निर्भयपणें उभे राहिले. एका सरकारी अधिकाऱ्यानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला केला. त्यांतून ते निर्दोष सुटले. चौकशी-कमिटी बसली. शेवटीं योजनेचा अर्ध्याहून अधिक भाग सोडून द्यावा लागला. साठ वर्षांपूर्वींच्या चुकीपासून मुंबईनें कांहीं शिकलें नव्हतें असेंच म्हणावें लागतें.

परंतु जेवढी जमीन व्हावयाची तेवढी झाली, आणि तिच्या व शहराच्या मध्यें कुलाब्याचे रूळ आडवे आले. नव्या जमिनीवर रस्ते न्यावयाचे तर रेल्वेनें बाजूस व्हावें, असें सरकारचें म्हणणें पडलें. कुलाब्याचा कापूसहि तेथें राहिला नव्हता. बाजार शिवडीकडे हलविण्यांत आला होता. स्टेशनाचें पहिलें कारणच निघून गेलें. रेल्वेनें दूरच्या गाड्यांसाठीं बेलासिस रोडजवळ नवें स्टेशन बांधलें. तेंच बॉम्बे सेंट्रल, आजचें मुंबई सेंट्रल. १८ डिसेंबर १९३० रोजीं तें उघडलें. लोकल गाड्यांस चर्चगेट पुरे झालें. त्यानंतर पंधरवड्याच्या आंत, १९३० सालाबरोबरच, कुलाब्याचें स्टेशन बंद झालें. तात्पुरत्या इमारतीपासून मोजलें तर आयुष्य ५७ वर्षें. दगडी इमारतीचें ३४. सुवर्णमहोत्सवाचें वय त्यानें ओलांडलें. हीरकमहोत्सव त्यास दिसला नाहीं.

येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. विजेची गाडी कुलाब्याहून बोरिवलीपर्यंतच होती; विरारपर्यंत वीज पोंचली १९३६ सालीं, म्हणजे कुलाबा बंद झाल्यावर. वसईच्या माणसाला विजेच्या गाडींत बसून एका दमांत कुलाब्यास उतरणें कधींच घडलें नाहीं. आपल्या गांवच्या त्या धुराच्या गाडीचें आणि त्या समुद्रकांठच्या स्टेशनाचें नातें धुराबरोबर सुरू झालें आणि धूर असतांनाच संपलें.

पुढें समुद्र आणखी मागें हटला. रुळांच्या पश्चिमेस मरीन ड्राइव्ह झाला. स्वातंत्र्यानंतर आणखी भराव पडला, उंच इमारती उठल्या, आणि ज्या नरीमन यांनीं समुद्र भरण्याच्या कारभारावर कोरडे ओढले, त्यांचेंच नांव त्या भरावाच्या एका टोंकास मिळालें. कापसाचा बाजार शिवडीकडे गेला तेव्हां आपलें जुनें नांवहि बरोबर घेऊन गेला. म्हणून आज हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नांवाचें स्टेशन आहे. कुलाब्याचें नांव मात्र कोणत्याच स्टेशनावर राहिलें नाहीं. समुद्र भरला म्हणून जें स्टेशन झालें, तें समुद्र पुन्हां भरला म्हणून गेलें. ज्याच्या कांठीं तें उभें होतें तो समुद्रहि आतां तेथें उरला नाहीं.

आणि आतां अलीकडची वार्ता. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा उघडला आणि गाडी कफ परेडपर्यंत गेली. कुलाब्याच्या त्या परिसरांत जवळजवळ ९५ वर्षांनीं पुन्हां रूळ आले. या वेळीं ते जमिनीच्या खालून आले. त्या गाडीच्या खिडकींतून समुद्र दिसत नाहीं, दिवसहि दिसत नाहीं. पण सकाळीं तिच्यांतून उतरणारीं माणसें तींच आहेत, जीं १८६७ सालीं विरारहून निघालीं होतीं. कामास वेळेवर पोंचावयाचें आणि संध्याकाळीं घरीं परत यावयाचें.

मंडळीहो, हें सगळें आम्हीं कशासाठीं सांगितलें? जुन्या इमारतीसाठीं अश्रु गाळावयास आम्हीं आपणांस येथें बसविलें नाहीं. स्टेशन हें थांबण्याचें ठिकाण नव्हे, जाण्याचें आहे. त्याचें काम संपलें कीं तें बंद व्हावें यांत वावगें कांहीं नाहीं. आमच्या मनास जें लागतें तें दुसरें आहे. कुलाब्याचें स्टेशन कोणीं बांधलें, कोणत्या गव्हर्नरानें मोडविलें, कोणत्या कंपनीचे शेअर किती चढले, हें सारें ग्रंथांत सांपडतें. परंतु त्या फलाटावर हिरवा कंदील हातीं घेऊन कोण उभा राहात असे, इंजिनांत कोळसा कोण टाकी, तिकिटें कोण फाडी, विरारहून फुलांची टोपली घेऊन पहिल्या गाडींत कोण चढली, हें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. ते आपले लोक होते. त्यांतला जो कोणी १९३० सालीं तान्हें मूल म्हणून त्या फलाटावर कडेवर होता, तोहि आज नव्वदीच्या पुढचा आहे. आणखी थोड्या वर्षांनीं तें स्टेशन डोळ्यांनीं पाहिलेला एकहि माणूस या जगांत राहणार नाहीं.

दगडी स्टेशन गेलें आणि गांवच्या गवंड्यानें घडविलेला क्रूस राहिला, याचें कारण दगडांत नाहीं. स्टेशनाचा मालक एक होता. त्यानें नको म्हटलें, तें गेलें. क्रुसाला चार घरें होतीं. कोणी चुना लावला, कोणी फूल वाहिलें, कोणी दर मे महिन्यांत त्याच्यापुढें जपमाळ म्हटली. रस्ता रुंद करावयास माणसें आलीं तेव्हां त्यांना आडवी आली ती हीच चार घरें. जी गोष्ट पुष्कळांच्या रोजच्या हातांतून जाते ती टिकते. आपलें देऊळ टिकलें आहे तें याच कारणानें.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आम्ही आपणांपाशीं एक मागणें मागतों. वर्गणीचें नाहीं, ती मागण्यास आमच्याहून कुशल लोक आहेत. आपल्या घरच्या पेटींत, कपाटाच्या वरच्या फळीवर, आज्याचा जुना पास असेल, रेल्वेचें नेमणुकीचें पत्र असेल, गणवेषांतला फोटो असेल, बंडीचें पितळी बटण असेल. तें रद्दींत देऊं नये. देवळाच्या नोंदवहींत बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदींपुढें बापाचा धंदा लिहिण्याची चाल जेथें होती, तेथें फायरमन, गार्ड, माळी, कोळी असे शब्द शंभर वर्षांपूर्वींच्या शाईंत अजून वाचतां येतात. धर्मगुरूंची अनुज्ञा घेऊन तरुणांनीं ते उतरून घ्यावे. आणि घरांत जें कोणी वडीलधारें माणूस आहे, त्याच्यापाशीं एक संध्याकाळ बसून विचारावें: आजी, तुमचे वडील कोणत्या गाडीनें जात? किती वाजतां उठत? डबा कोण भरी? प्लेगच्या वेळच्या गोष्टी त्यांनीं ऐकल्या असतील, त्या ऐकाव्या आणि लिहून ठेवाव्या. आपल्या बोलींतच लिहाव्या. शुद्ध करण्याच्या नादीं लागूं नये.

कुलाब्याच्या बाबतींत आपण उशीर केला. तेथें उतरणाऱ्या आपल्या माणसांचीं नांवें आतां परमेश्वराला ठाऊक. आपल्या पॅरिशच्या बाबतींत अजून वेळ आहे. पुढच्या ज्युबिलीस आपल्यांतले पुष्कळ जण नसतील. हें सभागृहहि कदाचित् नसेल. त्या दिवशीं जो कोणी या जागीं उभा राहील, त्याला आपल्याविषयीं सांगावयास कांहीं तरी हातीं असावें, एवढीच आमची इच्छा आहे.

ज्यांच्या कष्टांनीं हीं घरें उभीं राहिलीं, त्या पहाटेच्या गाडीच्या सर्व मृत प्रवाशांस परमेश्वर चिरशांति देवो, आणि आपल्या पॅरिशचें सर्वकाळ कल्याण करो.